परफॉर्मन्स गाडी तीन लाख किलोमीटरच्या पुढे न्यायची आहे? मग इथून सुरुवात करा

अमेरिकेतले विज्ञानशिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली व्होल्वो पी१८००एस ही दोन दारांची स्पोर्ट्स गाडी घेतली. २०१३ मध्ये त्याच गाडीवर त्यांनी ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. हे सांगितलं की लोक हमखास म्हणतात, "तेव्हाचं लोखंडच वेगळं होतं हो." असेल. पण गॉर्डन स्वतः विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायचे: कंपनीच्या पुस्तकातलं वेळापत्रक पाळा आणि ऑइल वेळेवर बदला.

जास्त रनिंग झालेल्या वेगवान गाड्यांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, "लाखभर झाले की विकून टाक, पुढे खड्ड्यात घालते." दुसरं, "चांगलं इंजिन आहे, काही होत नाही." दोन्ही चुकीची आहेत. दीड-दोन लाख किलोमीटरनंतर बसलेली जी इंजिनं मी उघडलेली पाहिली, त्यांतली बहुतेक स्वतःहून गेली नव्हती. कुठे प्लास्टिकचं थर्मोस्टॅट हाउसिंग तडकलं होतं, कुठे ऑइल दीड लिटरने कमी होतं, कुठे बेल्टची मुदत कधीच उलटून गेली होती. इंजिनाच्या भोवतीच्या स्वस्त वस्तू त्या महागड्या इंजिनाचा जीव घेतात. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये इंजिनापेक्षा रबर, प्लास्टिक आणि द्रवपदार्थ यांच्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी हे जमवा

कागदपत्रं:

- तुमच्या मॉडेलचं आणि नेमक्या इंजिन कोडचं वर्कशॉप मॅन्युअल. गाडीबरोबर मिळतं ते छोटं पुस्तक पुरेसं नाही.
- चेसिस नंबर. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्येही मधूनच पार्ट बदललेले असतात, त्यामुळे पार्ट नेहमी याच नंबरावरून मागवा. कंपनीने त्या गाडीसाठी रिकॉल काढला होता का, हेही यावरूनच कळतं.
- आधीच्या मालकाकडची सगळी बिलं. "सगळं केलंय" हे तोंडी सांगणं म्हणजे काहीच केलेलं नाही असं धरून चाला.
- एक वही किंवा फोनमधली तक्ता-फाइल.

हत्यारं:

- लाइव्ह डेटा दाखवणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून त्यातले आकडे वाचणारं यंत्र. नुसते कोड वाचून पुसणारा स्वस्त स्कॅनर उपयोगाचा नाही.
- दोन टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), एक नाजूक बोल्टांसाठी आणि एक चाकांसाठी.
- मल्टिमीटर, टायर प्रेशर गेज, टायरच्या खाचांची खोली मोजणारा गेज.
- चांगली टॉर्च आणि दांड्याला लावलेला छोटा आरसा. गळती शोधायला याच्याइतकं काही कामाला येत नाही.
- जॅक आणि त्याबरोबर जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली दोन मिनिटांसाठीही जाऊ नका.

कॉम्प्रेशन गेज आणि लीकडाउन टेस्टर विकत घ्यायची गरज नाही. वर्षातून एखाद्या वेळी लागतात, गॅरेजमध्ये चाचणी करून घ्या.

१. गाडीची आजची खरी अवस्था मोजा

नवीन मालक सगळ्यात आधी चकचकीत सायलेन्सर नाही तर एअर फिल्टर घेतो. ते राहू द्या. आधी आकडे हातात घ्या, कारण पुढच्या वर्षी काही बिघडलं तर तुलना करायला आज काय होतं हे माहीत हवं.

प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजा. मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या वर आहे का, हे बघाच, पण सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. तो १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर मागे पडला तर लीकडाउन चाचणी करा: सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. इनटेकमधून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टन रिंग, आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहा. २० च्या पुढे गेली तर कारण शोधल्याशिवाय गाडी पिटाळू नका.

मग स्कॅनर लावा आणि फ्युएल ट्रिम बघा. गाडीचा संगणक पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय, त्याचा हा टक्का. शून्याच्या आसपास पाचेक टक्के वरखाली असणं ठीक. सतत अधिक १० च्या वर असेल तर बहुतेक वेळा कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरत असते, नाहीतर पेट्रोलचा दाब कमी असतो. चेक इंजिनचा दिवा लागण्याच्या कितीतरी आधी हा आकडा बोलायला लागतो. जुन्या गाडीत तो महिन्यातून एकदा वहीत लिहून ठेवला तरी पुढची अर्धी डोकेदुखी वाचते.

२. त्या मॉडेलचं मूळ दुखणं ओळखा

प्रत्येक परफॉर्मन्स इंजिनाचं एखादं ठरलेलं दुखणं असतं. ते लपलेलं नसतं, त्या गाड्या हाताळणाऱ्या मेकॅनिकांना तोंडपाठ असतं. तुमच्या देखभालीच्या यादीत पहिलं नाव त्याचंच हवं.

काही उदाहरणं सांगतो. बीएमडब्ल्यूच्या एस५४, एस६५ आणि एस८५ या इंजिनांत, म्हणजे ई४६ आणि ई९० पिढीची एम३ आणि ई६० एम५, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग्ज झिजतात. जाणकार मालक ती नेहमीच्या झिजणाऱ्या वस्तूंमध्ये धरतात आणि आवाज यायच्या आधी बदलतात. आवाज आला की क्रँकशाफ्टही गेलेली असू शकते. ई४६ एम३ मध्ये याशिवाय मागच्या सबफ्रेमचे जोड जिथे बसतात तिथला पत्रा तडकतो. खालून तो नीट बघितल्याशिवाय ती गाडी घेऊच नये.

पोर्शच्या पहिल्या पिढीच्या बॉक्सस्टर आणि ९९६ पिढीच्या ९११ मध्ये एम९६ इंजिनाचं इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग ही धास्ती आहे. ते गेलं तर अख्खं इंजिन जातं. त्याच पिढीच्या ९११ टर्बो आणि जीटी३ चं इंजिन वेगळं, त्यात हा प्रश्न नाही. माझदा आरएक्स-८ च्या रोटरी इंजिनात (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन) रोटरच्या टोकांवरचे एपेक्स सील झिजतात आणि तिथे साधा कॉम्प्रेशन गेज चालत नाही. रोटरच्या तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन वेगवेगळं दाखवणारं खास यंत्र लागतं. सुबारूच्या टर्बो ईजे२५ मध्ये पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो, विशेषतः ट्यूनिंग चुकीचं असेल तर. फोक्सवॅगन-आउडीच्या ईए११३ प्रकारच्या दोन लिटर टर्बो इंजिनात हाय प्रेशर पंपाखालचा कॅम फॉलोअर झिजून भोक पडतं. तो दोन-चार बोल्ट काढून डोळ्यांनी तपासता येतो, इतकं सोपं काम असूनही लोक करत नाहीत.

तुमची गाडी या यादीत नसेल तर खूश होऊ नका. तिचंही असं काहीतरी असतंच. शोधा.

३. इंजिन ऑइल: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

हल्ली काही कंपन्या १५,००० तर काही ३०,००० किलोमीटरपर्यंत ऑइल चालेल असं म्हणतात. ती मुदत बहुतेक गाड्या पहिल्या मालकाकडे असतात तेवढ्या काळाच्या हिशोबाने ठीक असते. तुम्हाला तीन लाखांपर्यंत जायचं असेल तर ८,००० ते १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच जात असेल तर त्याहूनही लवकर, कारण इंजिन पुरतं तापतच नाही आणि पेट्रोल व पाणी ऑइलमध्येच साठत राहतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या, टर्बो इंजिनांत ऑइलमध्ये पेट्रोल मिसळण्याचा त्रास जास्त. डिपस्टिकचा (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीचा) वास घ्या. पेट्रोलचा भपकारा आला तर मुदतीची वाट बघू नका.

ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलाच घ्या. "गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाक" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो सरसकट पाळणं धोक्याचं आहे. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणा ऑइलच्या दाबावर आणि घट्टपणावर चालतात, त्यांना भलतं ऑइल मानवत नाही. एस५४ आणि एस६५ साठी १०डब्ल्यू-६० हे जाड ऑइल सांगितलंय, म्हणून ते प्रत्येक वेगवान गाडीला चालेल असंही नाही. डब्याच्या पुढच्या बाजूचे आकडे पुरेसे नसतात. मागे कंपनीच्या मंजुरीचा कोड आहे का ते वाचा. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन असेल तर एपीआय एसपी किंवा त्याच्या पुढचा दर्जा बघा. कमी आरपीएमवर जोर दिला की सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटू शकतं आणि पिस्टन फुटू शकतो, त्यावरची चाचणी या दर्जात आहे. २०२० च्या आधीच्या जुन्या दर्जाचं ऑइल कपाटात पडलंय म्हणून अशा इंजिनात ओतू नका.

आता पातळीबद्दल. जोरात पळणारी इंजिनं ऑइल खातात. काही कंपन्यांच्या पुस्तकांत तर हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत "सामान्य" म्हटलंय. खाणं हा रोग नसेलही, पण न बघणं हा नक्कीच आहे. दर १,००० किलोमीटरला सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून पातळी बघा. काही गाड्यांत डिपस्टिकच नसते, तर ड्राय सम्प असलेल्या (ऑइल इंजिनाच्या तळाऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) काही गाड्यांत इंजिन गरम आणि चालू असताना मोजावं लागतं. मॅन्युअल सांगेल तसंच करा. किमान खुणेजवळ असताना वेगाने लांब वळण घेतलं तर ऑइल तळाच्या एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि तेवढ्या दोन सेकंदांत बेअरिंग कोरडं पडतं. साध्या गाडीत हा प्रसंग सहसा येत नाही. तुमच्या गाडीत येतो, कारण ती त्यासाठीच घेतलेली आहे.

दर दुसऱ्या बदलाला ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. गरम ऑइल सोडताना पहिली धार जाऊ द्या, मधल्या धारेतून बाटली भरा. अहवालात लोह, तांबं, शिसं हे झिजेचे धातू बघा. सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरच्या बाजूने धूळ आत जातेय. सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं तर कूलंट मिसळतोय अशी शंका घ्या. एका अहवालावरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार अहवालांची चाल बघा. आणि एक मेख लक्षात ठेवा: नव्या पिढीच्या बऱ्याच बेअरिंगांमध्ये शिसं नसतंच, तेव्हा शिशाचा आकडा शून्य आला म्हणून बेअरिंग ठणठणीत आहे असं समजू नका. ऑइल बदलल्यावर जुना फिल्टर कापून उघडा आणि घड्या पसरून चमकणारे कण आहेत का बघा. फुकटची तपासणी आहे.

इंजिन फ्लश, "रनिंगवाल्या गाडीसाठी" म्हणून विकली जाणारी जादूची बाटली, आवाज दाबणारं घट्ट द्रव्य यांपासून लांब राहा. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो.

४. चालवण्याची पद्धत

कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं, असा बहुतेकांचा समज असतो. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. बाहेर थंडी असेल तर दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. ऑइलच्या तापमानाचा काटा असेल तर ते ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय रेडलाइनच्या (आरपीएम काट्यावरच्या लाल मर्यादेच्या) जवळ जाऊ नका. ई४६ एम३ आणि ई३९ एम५ च्या आरपीएम काट्याभोवती दिवे असत आणि ऑइल तापेल तसतसे ते विझत जात. ड्रायव्हरला थांबवण्याचा इतका सरळ उपाय बाकीच्यांनी का उचलला नाही, कोण जाणे. उभ्या गाडीत इंजिन तापवत बसण्यापेक्षा हळू चालवत तापवणं चांगलं.

टर्बो असेल तर उलटी काळजी शेवटी घ्यायची. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला वायूचं तापमान ९०० अंशांच्या पुढे जातं. जोरात चालवून लगेच चावी बंद केली की बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल तिथेच करपतं. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या, बस. मग उभं राहून मिनिटं मोजण्याची गरज पडत नाही.

याचा अर्थ गाडी कायम हळू चालवावी असाही नाही. पुरती तापल्यावर अधूनमधून इंजिन वरच्या आरपीएमपर्यंत नेलंच पाहिजे. रोटरी इंजिनाला तर ते लागतंच. वरच्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबणं मात्र टर्बो इंजिनात टाळा. एक गिअर खाली घ्या.

५. कूलिंग: रबर आणि प्लास्टिकचा हिशोब

कूलंटमधलं ग्लायकॉल वर्षानुवर्षं टिकतं, पण गंज रोखणारी द्रव्यं संपतात. रंग बघून कूलंट ओळखू नका, रंगाला काही नियम नाही. डब्यावरचा दर्जा मॅन्युअलशी जुळवा, दोन प्रकार मिसळू नका, आणि पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर वापरा. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर १०६-१०७ अंशांना उकळतं, बंद सिस्टिमच्या दाबाखाली ते १२५ च्या पुढे जातं. म्हणजे रेडिएटरचं किंवा एक्स्पान्शन टाकीचं झाकण हा किरकोळ भाग नाही, तो उकळणबिंदू ठरवतो. सैल झाकण असलेली गाडी चढावर अचानक तापते आणि मग लोक रेडिएटर, पंप, सेन्सर सगळं बदलून बघतात.

एक लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीत हे भाग एकत्र बदलून टाका: वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि त्याचं हाउसिंग, एक्स्पान्शन टाकी, झाकण, वरचे-खालचे होज आणि क्लॅम्प. प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन ठिसूळ होतं, आणि एक भाग नवा बसवला की पूर्ण दाब दुसऱ्या जुन्या भागावर येतो. एकेक करून बदलणाऱ्याला दर तीन महिन्यांनी रस्त्याकडेला उभं राहायची वेळ येते. होज दाबून बघा. दाबल्यावर कडकड वाजत असेल, लगदा झाल्यासारखा लागत असेल किंवा क्लॅम्पपाशी फुगला असेल तर तो गेलाच. ऑइलमध्ये भिजलेला रबरी पाइप तर बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुटत असतो.

काम झाल्यावर सिस्टिममधली हवा काढायची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. ती पाळली नाही तर हवेचा बुडबुडा सिलिंडर हेडमध्ये अडकतो आणि सेन्सरला तापमान कळतच नाही.

६. "लाइफटाइम" ऑइल म्हणजे कोणाचं लाइफ?

गिअरबॉक्सच्या ऑइलला काही गाडी कंपन्या आयुष्यभराचं म्हणतात. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं, अशी मुदत सांगते. कोणाचं ऐकायचं ते स्पष्ट आहे. फोक्सवॅगनच्या ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात. हे ऑइल ठरावीक तापमानाला असतानाच पातळी ठरवायची असते. "अंदाजाने भरतो" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि ऑल-व्हील ड्राइव्हमधला हॅल्डेक्स क्लच यांची ऑइलं तर सर्रास विसरली जातात. क्लच प्रकारच्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलला फ्रिक्शन मॉडिफायर असलेलं ऑइल लागतं. ते नसेल तर हळू वळताना मागून कर्रकर्र आवाज येतो. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर क्लच बदलताना ड्युअल मास फ्लायव्हील, रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील तिथेच तपासून घ्या. गिअरबॉक्स दोनदा उतरवण्यात शहाणपण नाही.

७. टायमिंग, प्लग, कार्बन

टायमिंग बेल्ट असेल तर किलोमीटर आणि वर्षं, दोन्ही मोजा. फारशा न चालवलेल्या जुन्या गाड्या इथेच मार खातात. बेल्टबरोबर टेन्शनर, पुली आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप, सगळं एकाच वेळी. बहुतेक परफॉर्मन्स इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. फेरारी एफ३५५ मध्ये या कामासाठी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं, म्हणून विकणारे "बेल्ट अजून वर्षभर चालेल" म्हणतात. तेव्हा बिल मागा. चेन असेल तर ती ताणली गेली का हे कॅमच्या कोनाच्या आकड्यांवरून स्कॅनरवर कळतं, आणि थंड इंजिन सुरू करताना दोन सेकंद खडखडली तर वाट बघू नका.

स्पार्क प्लग टर्बो इंजिनात सांगितलेल्या मुदतीच्या बऱ्याच आधी बदला, ताकद वाढवलेल्या गाडीत तर अर्ध्यावरच. नावाजलेल्या कंपन्यांच्या प्लगच्या आणि ऑइल फिल्टरच्या डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे, त्यामुळे ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून बघा. एकाच प्लगवर ऑइल किंवा पांढरट थर दिसला तर त्या सिलिंडरची चौकशी करायची.

नुसत्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे तिथे कार्बनचा थर साचत जातो. पेट्रोलमध्ये टाकायची औषधं तिथपर्यंत पोचतच नाहीत. अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाने मारून साफ करणं हा खात्रीचा उपाय. क्रँककेसच्या व्हेंटिलेशनचा व्हॉल्व्ह बिघडला असेल तर हा थर लवकर साचतो आणि गाडी ऑइलही जास्त खाते, म्हणून रिंगा गेल्या असं ठरवण्याआधी हा छोटा व्हॉल्व्ह बदलून बघा.

८. ब्रेक, सस्पेन्शन, टायर

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ चा किमान उकळणबिंदू कोरडं असताना २३० अंश, पाणी शिरल्यावर १५५. दोन वर्षांत बदला, ट्रॅकवर जात असाल तर त्याआधी. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळू नका. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

सस्पेन्शनचे बुश दोन लाखांत मऊ झालेलेच असतात, फक्त हळूहळू होतात म्हणून मालकाला कळत नाही. एकाच एक्सलच्या दोन्ही बाजू एकदम करा आणि शेवटी अलाइनमेंट. ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एकसारखे झिजलेले हवेत. एकच नवा टायर टाकला तर मधला क्लच सतत घासत राहतो. टायरवरचे चार अंक म्हणजे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष. खाचा खोल असल्या तरी दहा वर्षांचं रबर वेगाच्या गाडीला नकोच.

बॅटरीचं एवढंच: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. जुन्या गाडीत भुताटकीसारखे येणारे-जाणारे कोड बऱ्याचदा कमी व्होल्टेजमुळे किंवा गंजलेल्या अर्थिंगच्या तारेमुळे येतात.

९. ताकद वाढवायचा मोह

शंभर हॉर्सपॉवर वाढवून तीन लाख किलोमीटर विश्वासाने चालवणं शक्य आहे, पण दोन्ही गोष्टींचं बजेट वेगळं काढावं लागतं. रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवणं, करायचाच असेल तर पहिल्या पायरीतले सगळे आकडे चांगले आल्यावर करा, आणि नॉक (इंधन अवेळी पेटल्याचे ठोके) व तापमान नोंदवून दाखवणाऱ्या ट्यूनरकडेच जा. उघडा एअर फिल्टर मला तरी पटत नाही. आवाज छान येतो, धूळही छान जाते.

त्या पैशांत दुर्मिळ पार्ट घेऊन ठेवा. निस्सानने २०१७ मध्ये आर३२ स्कायलाइन जीटी-आरचे काही पार्ट पुन्हा बनवायला घेतले, तसं प्रत्येक कंपनी करत नाही. बंद झालेला सेन्सर किंवा रबरी सील नसल्यामुळे धडधाकट गाडी महिनोन्‌महिने उभी राहते.

१०. वही आणि मेकॅनिक

वहीत तारीख, किलोमीटर, काय केलं, पार्ट नंबर आणि ऑइल किती टॉपअप केलं एवढं लिहा. ऑइल खाण्याचं प्रमाण वाढतंय का, हे फक्त यातूनच कळतं. आवळताना ताणले जाणारे, एकदाच वापरायचे बोल्ट असतात, ते परत लावणारा, टॉर्क रेंच न वापरणारा किंवा काढलेले जुने पार्ट दाखवायला कुरकुरणारा मेकॅनिक असेल तर दुसरा शोधा. तुमच्याच मॉडेलच्या गाड्या रोज उघडणारा माणूस थोडा लांब असला तरी परवडतो.

११. लगेच थांबायचं कधी

ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला की इंजिन बंद, गाडी कडेला, पुढे फक्त टो. "जवळच तर आहे" म्हणून नेलेल्या एका किलोमीटरमध्ये क्रँकशाफ्ट जाते. तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात सोडा, जागा मिळेल तिथे थांबा, आणि गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग होतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय, तेव्हा अॅक्सिलरेटर सोडून शक्य तितक्या लवकर थांबा. दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर ऑइलची पातळी आणि तापमान बघून घरापर्यंत न्या आणि तिथे स्कॅनर लावा. कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू नका.